ऑफिसच्या पीसीत टेलिफोन कार्ड बसवलंय, पण समोरच्यानं फोन ठेवला तरी लाईन सुटत नाही

लूमवाला
नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. ऑफिसात तीन लँडलाईन, आत दहा-बारा एक्स्टेन्शन. मेच्या वळवात वीज पडली आणि जुना ईपीएबीएक्स (ऑफिसातलं छोटं टेलिफोन एक्स्चेंज) गेला. नवा घ्यायचा विचार चालला होता, तेवढ्यात पुण्याच्या आतेभावानं त्याच्याकडं पडून असलेलं कार्ड दिलं. डिजियम कंपनीचं टीडीएम 400 पी, त्यावर तीन लाल मॉड्यूल आणि एक हिरवं. पीसीआय स्लॉट (कार्ड खोचायची जुन्या पद्धतीची जागा) असलेला जुना पीसी ऑफिसात होताच. त्यावर लिनक्स, ॲस्टेरिस्क (पीसीचं टेलिफोन एक्स्चेंज करणारं सॉफ्टवेअर) आणि दाहदी (अशी कार्डं चालवणारे ड्रायव्हर) टाकलं. फोन येतात, जातात. आतली एक्स्टेन्शनं आयपी फोनवर मजेत चालतात.

अडचणी अशा:
हिरवं मॉड्यूल दिसतच नाही. त्याच्यावर गोडाऊनचा साधा फोन लावायचाय.
बोलताना मधूनच टिक-टिक आवाज येतो.
कॉलर आयडी कुठल्याच लाईनवर येत नाही.
आणि सगळ्यात वाईट म्हणजे समोरच्यानं फोन ठेवला तरी आपली लाईन पकडलेलीच राहते. परवा रात्रभर एक लाईन अशी अडकली, सकाळी व्यापारी ओरडायला लागले की नंबर एंगेज लागतोय.

आमचा इलेक्ट्रिशियन म्हणतो कार्ड भंगारात घाला आणि गेटवे (फोनच्या लाईन नेटवर्कला जोडणारा वेगळा डबा) घ्या. खरंच घालू का?

शेंगाचटणी
टॉवेलच्या कारखान्यात लाईन सुटत नाही म्हणजे धागाच अडकला असणार बे.

कन्ना_चौक
हिरव्याचं आधी सांगतो. लाल मॉड्यूल म्हणजे एफएक्सओ. त्याला बाहेरची लाईन लागते आणि करंट एक्स्चेंजकडून येतो. हिरवं म्हणजे एफएक्सएस. त्याला फोन लागतो, म्हणजे त्या फोनला करंट आणि घंटीचा व्होल्टेज तुमच्या कार्डानंच द्यायचा. पीसीआय स्लॉटमधून तेवढं निघत नाही, म्हणून कार्डाच्या कडेला चार पिनांचा मोलेक्स सॉकेट दिलाय. जुन्या हार्ड डिस्कला लागायची तीच पांढरी पिन. तिथं 12 व्होल्ट दिले नाहीत तर हिरवं उठत नाही. लाल मात्र चालत राहतात, म्हणून माणसाला वाटतं मॉड्यूलच गेलंय. पॉवर सप्लाय नवा असला आणि त्यात मोलेक्स नसली, तर साटावरून (नव्या डिस्कच्या चपट्या पिनेवरून) मोलेक्स करायची केबल नवी पेठेत कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात मिळेल.

पिन लावताना पीसी नुसता बंद करून भागत नाही, पॉवर कॉर्ड काढा. भिंतीतून येणारी टेलिफोनची वायरसुद्धा काढा, कारण घंटी आली तर त्या वायरवर झणका बसण्याइतका व्होल्टेज असतो. आणि कार्डाचा स्क्रू लावलाय का बघा. शेजारी लूम चालत असतील तर थरथरीनं कार्ड स्लॉटमधून वर सरकतं. तुमच्याकडं कापसाचे तंतूही उडत असणार. पीसीचा पंखा उघडून बघा, आत अर्धा टॉवेल सापडेल.

टर्मिनलबाबा
कन्ना_चौक काकांचं बरोबर. मी सॉफ्टवेअरच्या बाजूनं सांगतो.

एलएसपीसीआय ही कमांड दिलीत तर तिथं डिजियम हे नाव दिसणार नाही. टायगरजेट नेटवर्क नावाचा मोडेम किंवा आयएसडीएन (डिजिटल टेलिफोन लाईन) इंटरफेस दिसेल. तेच तुमचं कार्ड, घाबरू नका. पण त्याच चिपमुळं लिनक्सचा स्वतःचा नेटजेट नावाचा आयएसडीएन ड्रायव्हर कधी कधी आधीच कार्ड बळकावतो आणि मग दाहदीला ते मिळत नाही. नेटजेट ब्लॅकलिस्टमध्ये टाकून ठेवा. आज चालतंय म्हणून सोडू नका, एखाद्या रीस्टार्टला तो पुढं जाईल.

दुसरं, या कार्डाचा ड्रायव्हर म्हणजे डब्ल्यूसीटीडीएम. दाहदीच्या 3 क्रमांकाच्या मालिकेत तो काढून टाकलाय. तुमचं कार्ड चालतंय त्या अर्थी तुमच्याकडं 2.11 असणार किंवा कुणीतरी ड्रायव्हर परत घातलेली आवृत्ती. ती जपा. कर्नल (लिनक्सचा गाभा) आपोआप अपडेट व्हायचं बंद करा. नवा कर्नल आला की ड्रायव्हर पुन्हा कंपाइल करावा लागतो, आणि त्याच दिवशी मालक विचारतो फोन का लागत नाही.

तिसरं, नव्या लोकांचा घोळ नेहमी इथं होतो. लाल पोर्ट एफएक्सओ असला तरी दाहदीच्या सिस्टिम डॉट कॉन्फ फाइलमध्ये त्याला एफएक्सएसचं सिग्नलिंग द्यायचं, आणि हिरव्याला एफएक्सओचं. कारण पोर्टला बोलावं लागतं ते समोरच्या टोकाशी. दाहदी_जेनकॉन्फ चालवलंत तर ते बरोबरच लिहून देतं. त्यात लोडझोन आणि डिफॉल्टझोन (टोन कुठल्या देशाचे ते) मात्र 'यूएस' येतं, ते 'इन' करा. ड्रायव्हरच्या ऑप्शनमध्ये ऑपरमोड 'इंडिया' द्या, म्हणजे लाईनचा इम्पिडन्स (सिग्नलला होणारा विद्युत अडथळा) जुळतो आणि एको बराच कमी होतो.

लूमवाला
@टर्मिनलबाबा, हो, 2.11 च आहे. आतेभावानं जुनी सीडी दिली होती. आणि झोन खरंच यूएस होता.

मूळचा_बाळ्याचा
मी आता पुण्यात असतो, आयटीत. एक सांगू का? 2004 साली हे सगळं ठीक होतं. आज पीसीआय स्लॉटवाला मदरबोर्ड शोधायचा, जुना कर्नल सांभाळायचा, इंटरप्ट (कार्डानं प्रोसेसरला मारलेल्या हाका) मोजायचे, कशासाठी? चार एफएक्सओचा ग्रँडस्ट्रीमचा गेटवे भिंतीला लावा, एक लॅन केबल खुपसा, झालं. ॲस्टेरिस्क मग कुठल्याही डब्यावर चालवा, अगदी रास्पबेरी पायवरसुद्धा. इलेक्ट्रिशियन बरोबर सांगतोय.

कन्ना_चौक
@मूळचा_बाळ्याचा, गेटवेला माझा विरोध नाही, मीच आठवड्याला एखादा लावत असतो. पण यांची मुख्य तक्रार काय आहे? लाईन सुटत नाही. गेटवेमध्ये तरी काय असतं, तेच एफएक्सओ. समोरच्यानं फोन ठेवला हे त्यालाही लाईनवरूनच कळणार. टोन ओळखता आला नाही तर गेटवेही रात्रभर लाईन धरून बसेल. पैसे जातील आणि व्यापारी ओरडतच राहतील. आधी लाईन समजून घ्या, मग डबा बदला.

अशोकचौक_अण्णा
मी निवृत्त लाईनमन. कॉम्प्युटर मला कळत नाही, लाईन कळते.

समोरच्यानं फोन ठेवला हे आपल्या टोकाला कळायच्या तीन वाटा. पहिली, एक्स्चेंज क्षणभर लाईनचा करंट तोडतं. दुसरी, पोलॅरिटी उलटी होते, म्हणजे दोन तारांवरचं प्लस-मायनस बदलतं. तिसरी, यातलं काहीच होत नाही आणि नुसता बिझी टोन वाजत राहतो. साध्या घरगुती जोडणीवर बहुतेक वेळा तिसरीच वाट. माणूस टोन ऐकून फोन ठेवतो. मशीनला कुणी सांगितलं नाही तर ते बिचारं ऐकतच बसतं.

तेव्हा असं करा. कार्ड बाजूला ठेवा, रोझेटला (भिंतीवरच्या टेलिफोन सॉकेटला) साधा फोन लावा. मोबाईलवरून त्या नंबरला फोन करा, उचला, मोबाईल कट करा आणि कान लावून ऐका. आपल्याकडं बिझी टोन 400 हर्ट्झचा असतो, पाऊण सेकंद वाजतो, पाऊण सेकंद गप्प. कंजेशनचा (लाईनवर गर्दी असल्याचा) टोन तसाच, पण पाव सेकंद वाजून पाव सेकंद गप्प, भराभर. सोबत तारांवर मल्टीमीटर लावून ठेवा. लाईन शांत असताना साधारण 48 व्होल्ट, उचलल्यावर दहाच्या आसपास. कट करताना चिन्ह उलटं झालं तर पोलॅरिटी येते असं समजा. तीनही लाईनला वेगवेगळं बघा. एकाच ऑफिसात आल्या म्हणून तिन्ही सारख्या असतीलच असं नाही.

आणि तुमची एखादी लाईन फायबरवरून, म्हणजे ओएनटीच्या डब्यातून येत असेल तर टोन एक्स्चेंजचा नाही, त्या डब्याचा असतो.

टर्मिनलबाबा
अण्णा, हे तुम्ही आधी सांगितलं असतं तर माझी जवानी वाचली असती.

लूमवाला, अण्णांनी सांगितलेलं ऐकून झाल्यावर ॲस्टेरिस्कच्या चॅन_दाहदी डॉट कॉन्फ फाइलमध्ये बिझीडिटेक्ट=यस, बिझीकाउंट=4, बिझीपॅटर्न=750,750. म्हणजे पाऊण सेकंदाचा टोन चार वेळा ऐकला की लाईन सोडायची. दीड सेकंदाचं एक चक्र, चार चक्रं, सहा सेकंदांत लाईन मोकळी.

सिस्टिमताई
चार कमी आहे. आमच्याकडं दवाखान्यात चार होतं, तर बोलता बोलता फोन कटायचे. समोर कुणी होल्डवर टाकलं आणि बीप-बीप वाजली की आपलं मशीन समजायचं संपलं. सहा करा.

टर्मिनलबाबा
ताई, पॅटर्न दिला होता का? नुसता बिझीडिटेक्ट ठेवला तर ते कुठल्याही ठरावीक लयीच्या आवाजाला फसतं. पॅटर्न दिला की चार पुरतो.

सिस्टिमताई
पॅटर्न होता. तरी कटायचे. आयसीयूमधून नातेवाईकांशी बोलताना कटलेला एक फोन तुम्ही स्वतः ऐकला असता तर तीन सेकंद वाचवायला गेला नसता. त्यांच्या ऑफिसला चार चालेल, मला सहाच हवा.

शेंगाचटणी
मध्यममार्ग पाच. चला, भाकरी थंड व्हायलीय.

जुना_इसा
तुम्ही लोक पीसीआयला जुनं म्हणताय. मी डायलॉजिक कंपनीची आयएसए (पीसीआयच्या आधीची) कार्डं बसवायचो, आयव्हीआरसाठी (आपोआप उत्तर देणाऱ्या फोनसाठी). आयआरक्यू (इंटरप्टचा क्रमांक) आणि मेमरीचा पत्ता दोन्ही जम्परनं ठरवायचे. साउंड कार्डनं तोच आयआरक्यू धरलेला असायचा, मग कॅबिनेट उघडा, चिमट्यानं जम्पर काढा, दुसरीकडं लावा, परत विंडोज एनटी चालू होईस्तोवर चहा. एकापेक्षा जास्त कार्डं असली की वरून रिबन केबलनं एकमेकांना जोडायची, म्हणजे एका कार्डाचा आवाज दुसऱ्याला मिळतो. पुढच्या कार्डांवर एक छोटी गोल चकती आली, तिच्यावर प्रत्येक कार्डाचा नंबर फिरवून लावायचा. दोन कार्डांना एकच नंबर राहिला तर मशीन गोंधळायचं. पुढं 1999 ला इंटेलनं डायलॉजिक घेतली, 2006 ला आयकॉनला विकली, आणि आयकॉननं स्वतःचंच नाव डायलॉजिक करून टाकलं. तोवर माझं बस्तान सीसीटीव्हीत बसलं होतं.

@लूमवाला, तुमच्या टिक-टिकचं मूळही आयआरक्यूतच असणार. टर्मिनलबाबांनी अजून त्याला हात लावला नाही.

टर्मिनलबाबा
लावतो. हे कार्ड सेकंदाला 1000 इंटरप्ट मारतं. दर मिलिसेकंदाला प्रत्येक चॅनेलचे आठ सॅम्पल द्यायचे आणि आठ घ्यायचे. त्याच आयआरक्यूवर ग्राफिक्स, यूएसबी किंवा डिस्क कंट्रोलर बसला असेल आणि त्यानं जरा वेळ लावला तर आठ सॅम्पल गळतात. तेच तुम्हाला टिक म्हणून ऐकू येतं.

प्रॉक खालच्या इंटरप्ट्स फाइलमध्ये डब्ल्यूसीटीडीएमच्या ओळीत आणखी कुणाचं नाव आहे का बघा. असलं तर बायोसमध्ये जाऊन साउंड, सीरियल, पॅरलल, जे लागत नाही ते बंद करा. तरी नाही गेलं तर कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये घाला. स्लॉट बदलला की इंटरप्टची वाटणी बदलते. मग दाहदी_टेस्ट चालवा, 99.98 च्या वर स्थिर आलं की झालं. त्या मशीनवर टॅली चालवू नका आणि ग्राफिकल डेस्कटॉपही नको.

सिस्टिमताई
आता माझी थोडी अवांतर भर. ज्यांच्याकडं तीन नाही, तीस लाईनची गरज आहे त्यांच्यासाठी. आम्ही पीआरआय (एकाच जोडणीत अनेक लाईन देणारी डिजिटल सेवा) घेतली, ई-वन प्रकारची. 2.048 मेगाबिटची एकच जोडणी, त्यात 32 खाचा. शून्य क्रमांकाची फ्रेमिंगला जाते, 16 वी सिग्नलिंगला (तोच डी चॅनेल), उरलेल्या 30 बोलायला.

कार्ड आलं, बसवलं, दिवा लाल. कार्डावर टी-वन की ई-वन ठरवायचा जम्पर होता आणि तो अमेरिकन पद्धतीनं टी-वनवर, म्हणजे 24 चॅनेलवर आलेला. तो बदलला. तरी लाल. लाईन देणाऱ्यांच्या मोडेमवर दोन गोल बीएनसी, 75 ओहम. आमच्या कार्डावर आरजे 45, 120 ओहम. मध्ये बलून नावाची बारकी डबी लागते, ती कुणी सांगितलीच नव्हती. ती लावली, तर दिवा कधी हिरवा, कधी पिवळा. कॉन्फिगमध्ये आम्ही सीसीएस, एचडीबी3, सीआरसी4 (शेवटचं म्हणजे चुका तपासायची सोय) लिहिलं होतं आणि त्यांच्या बाजूला सीआरसी4 बंद. त्यांच्या माणसाला दोन्ही टोकं सारखी हवीत एवढं पटवायला संध्याकाळ झाली. शेवटी आम्हीच आमचं सीआरसी4 काढलं. टायमिंग त्यांच्याकडून घ्यायचं, स्विचटाइप युरोआयएसडीएन, सिग्नलिंग पीआरआय_सीपीई, डी चॅनेल 16. तेव्हापासून बंद पडलेली नाही.

पीआरआयची मजा ही की लाईन सुटणं, कॉलर आयडी, हे सगळं डी चॅनेलवर आकड्यांत येतं. टोन ऐकत बसावं लागत नाही.

लूमवाला
ताई, तीस लाईन घेतल्या तर टॉवेल विकायचे की फोन उचलायचे?

बरं, अपडेट. मोलेक्स लावल्याबरोबर हिरवं मॉड्यूल उठलं. गोडाऊनच्या फोनला डायल टोन आला. आमचे हमालमामा एवढे खूश की दर पाच मिनिटाला चहाची ऑर्डर देतायत.

टिक-टिकही गेली. डब्ल्यूसीटीडीएमच्या ओळीत यूएसबी आणि साउंड दोघंही बसले होते. साउंड बायोसमधून बंद केलं, कार्ड खालच्या स्लॉटमध्ये नेलं.

अण्णा, साधा फोन लावून ऐकलं. पहिल्या दोन लाईनवर तुम्ही म्हणालात तसा पाऊण सेकंदाचा टोन. तिसरी लाईन फायबरची, तिच्यावर टोन भराभर वाजतो. पोलॅरिटी एकाही लाईनवर उलटत नाही. आता पॅटर्न 750 लिहू की 250?

टर्मिनलबाबा
दोन्ही. चॅन_दाहदी डॉट कॉन्फ वरून खाली वाचली जाते. जे वर लिहाल ते खाली येणाऱ्या चॅनेल ओळीला लागू होतं आणि बदलेपर्यंत लागू राहतं. म्हणून आधी 750,750 लिहा, त्याखाली चॅनेल 1-2. मग 250,250 लिहा, त्याखाली चॅनेल 3. हिरव्याच्या आधी बिझीडिटेक्ट=नो करा, गोडाऊनच्या फोनला त्याची गरज नाही, आणि सिग्नलिंगही तिथं बदलावं लागेल. नुसतं रीलोड करू नका, ॲस्टेरिस्क पूर्ण रीस्टार्ट करा.

कॉलर आयडीही तसाच वेगवेगळा लावायचाय. तांब्याच्या लाईनवर आपल्याकडं नंबर पहिल्या घंटीच्या आधी डीटीएमएफनं (बटणांच्या टोननं) येतो. त्याला सीआयडीसिग्नलिंग=डीटीएमएफ आणि सीआयडीस्टार्ट=पोलॅरिटी_इन. फायबरच्या डब्यातून बहुधा एफएसकेनं (मोडेमसारख्या सिग्नलनं), पहिल्या आणि दुसऱ्या घंटीच्या मध्ये येतो. तिथं बेल किंवा व्ही23 (एफएसकेचे दोन प्रकार) लावून बघा, सीआयडीस्टार्ट=रिंग. आणि पहिल्या घंटीलाच फोन उचलायला लावू नका, नंबर यायच्या आत उचलला जाईल.

अशोकचौक_अण्णा
पोलॅरिटी उलटत नाही म्हणालात, पण ते फोन ठेवतानाचं. घंटीच्या आधी उलटते का तेही मीटरवर बघा. कॉलर आयडीसाठी एक्स्चेंज ते वेगळं करतं.

आणि वीज. आधीचा डबा विजेनं गेला तर कार्डही तसंच जाईल, आणि ते पीसीच्या मदरबोर्डवर बसलंय हे विसरू नका, सोबत तोही जाईल. एमडीएफवर (बाहेरच्या लाईन जोडल्या जातात त्या पेटीत) क्रोन मॉड्यूलला गॅस ट्यूबवाले अरेस्टर (वीज जमिनीत सोडणारे) घाला, प्रत्येक जोडीला. पण अर्थिंग खरं असेल तरच त्यांचा उपयोग. इथल्या मुरुमाच्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. मार्चपासून त्यात पाणी घालत जा. फायबरवाल्या लाईनला तांब्यातून बाहेरची वीज यायची भीती नाही, पण तिच्या ॲडाप्टरला आहे.

मूळचा_बाळ्याचा
अण्णांच्या या मुद्द्यावर मी गेटवेचं तुणतुणं परत वाजवतो. वीज आली तर गेटवे एकटा मरेल, सर्व्हर वाचेल.

कन्ना_चौक
हा मुद्दा मान्य. हे कार्ड मेलं की पुढच्या वेळी गेटवेच घ्या. तोवर फुकटातलं चालतंय तर चालू द्या.

पार्कचौक_पोरगं
एक शंका. माझा भाऊ दुबईला असतो. त्याला इंटरनेटवरून या सिस्टिमचं एक्स्टेन्शन दिलं तर तो तिकडून इथल्या लँडलाईनवरून सोलापुरात लोकल फोन करू शकेल ना? आयएसडी वाचेल.

सिस्टिमताई
नको. परदेशातून इंटरनेटवर आलेला कॉल इथल्या सार्वजनिक फोन लाईनवर सोडणं बेकायदा आहे. सिम बॉक्सवाल्यांवर (असे कॉल इथल्या सिमवरून सोडणाऱ्यांवर) धाडी पडतात त्या याच कारणानं. कॉल सेंटरचे नियम 2020 आणि 2021 मध्ये बरेच सैल झाले, पण त्याचा अर्थ हे चालतं असा नाही. भावाला व्हॉट्सॲपवर बोला.

टर्मिनलबाबा
शिवाय सिपचा (इंटरनेट फोनच्या प्रोटोकॉलचा) 5060 पोर्ट इंटरनेटला उघडा ठेवला की तासाभरात जगभरचे बॉट पासवर्ड ठोकायला येतात. 1001 ला पासवर्ड 1001 ठेवणाऱ्यांची बिलं मी पाहिलीत.

लूमवाला
आता पहिल्या दोन लाईन सात-आठ सेकंदांत सुटतात. तिसरी लवकर सुटते. कॉलर आयडी तांब्याच्या दोन्हीवर आला. फायबरवर बेल लावल्यावर आला, व्ही23 ला नाही. बिझीकाउंट पाच ठेवलाय, शेंगाचटणी यांच्या आदेशानुसार.

आणखी एक. मोबाईलला फोन लावला की कधी लागतो, कधी चुकीचा नंबर म्हणून बाई बोलते.

कन्ना_चौक
शून्य. 15 जानेवारी 2021 पासून लँडलाईनवरून मोबाईलला फोन करताना आधी 0 लावावं लागतं. तुमच्यातला जो लावतो त्याचा लागतो. डायलप्लानमध्येच (कुठला नंबर कसा लावायचा त्या नियमांत) घालून टाका: 6 ते 9 नं सुरू होणारा दहा आकडी नंबर आला की पुढं 0 जोडून बाहेर सोडायचा. सोलापूरचे लोकल नंबर सात आकडी, त्यामुळं गोंधळ होणार नाही. ज्यांना शून्याची सवय आहे त्यांच्यासाठी 0 पासून सुरू होणारे जसेच्या तसे जाऊ द्या.

शेंगाचटणी
माझा आदेश मानणारा हा या मंचावरचा पहिला माणूस. घरी फोटो लावतो.

जुळे_सोलापूर_नवा
धागा वाचून हुरूप आला. मला ऑनलाइन एका पोर्टचं एक्स 100 पी स्वस्तात मिळतंय. घरच्या एका लाईनला चालेल का?

टर्मिनलबाबा
ते मुळात मोडेम कार्ड. ड्रायव्हर डब्ल्यूसीएफएक्सओ, तोही दाहदीच्या 3 मधून गेलाय. अमेरिकेच्या लाईनसाठी बनलेलं, आपल्या लाईनशी इम्पिडन्स नीट जुळत नाही, म्हणून एको येईल. शिकायला चालेल, आईला रोज वापरायला देऊ नका. एक एफएक्सओ, एक एफएक्सएस असलेला ग्रँडस्ट्रीमचा एचटी 813 बघा. पुढचं वेगळा धागा काढून विचारा.